पाव फेरा

सासऱ्यांनी सुई आणखी एक दात आत फिरवली आणि इंजिनाचा आवाज चिरकला.

जावयाने लाकडी घोडीवरची रिमोटची छोटी बोट दोन्ही हातांनी दाबून धरली होती. क्षणापूर्वी तो आवाज भरीव होता. आता त्यातला गर निघून जाऊन नुसती साल उरावी, तसा तो बारीक आणि कोरडा झाला. मागच्या नळीतून येणारा पांढरट धूर विरळ होत होत नाहीसा झाला. शेजारच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बसड्रायव्हरने मान वर केली, सासऱ्यांच्या हाताकडे पाहिले आणि पुन्हा आपल्या बोटीची फळी पुसायला घेतली.

"हां, आता लागला सूर," सासरे म्हणाले. त्यांनी प्लग तापवायची बॅटरी काढून घेतली, रिमोट गळ्यात अडकवला आणि मान हलवली. "चला जावईबापू, सोडा पाण्यात."

इंजिन चालू असलेली बोट छातीशी धरून तो उतरणीवरून निघाला. जुन्या दगडखाणीत साठलेले ते पाणी होते. तीन बाजूंनी कापलेले उभे काठ, आणि एकाच बाजूला पाण्यापर्यंत नेणारी सिमेंटची उतरण. पाठीमागे सासरे लाकडी मचाणावर चढत होते. त्या पायऱ्या चढताना ते नेहमी खाली, पावलांकडे पाहत. तेवढ्यात जावयाचा अंगठा सुईवर गेला. कट्, कट्, कट् असे दात मागे सरकले, पाव फेरा पुरा झाला, आणि कुणीतरी गळ्यावरचा हात काढून घ्यावा तसे ते इंजिन हातातल्या हातात सैलावले. धूर परत आला. त्याने वाकून बोट पाण्यावर टेकवली आणि पुढे ढकलून दिली.

गेले कित्येक रविवार तो हेच करत आला होता.

नायट्रोचे इंजिन मुठीत मावेल एवढेच असते, पण त्याचे लाड फार. त्याच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रो आणि एरंडेल. त्याला ठिणगी नसते, तारेचा तापलेला प्लग असतो. आणि किती इंधन आत जावे हे एका सुईवर ठरते. सुई बाहेर काढली की इंजिन ओले चालते, धुरकटते, जड पळते. आत घेतली की कोरडे होते, वेग घेते, आणि त्याहून थोडीशी जरी आत गेली तरी स्वतःच्याच उष्णतेने स्वतःला जाळून घेते. त्या दोहोंच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही. ती कानाने शोधायची असते. सासऱ्यांचा कान या तळ्यावर इतका वाखाणला गेला होता की लोक आपापली इंजिने घेऊन त्यांच्या टेबलापाशी रांग लावत, आणि सुई लावून देतात म्हणून त्यांना डॉक्टर म्हणत. छापखान्यातून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते, पण ते इथे फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

पाच बोटींत त्यांची बोट चौथी आली.

"डॉक्टर, तुमचा डास आज कुणाला चावलाच नाही," पंपशेठ आपल्या खुर्चीतून म्हणाला.

पंपशेठचे टायरचे दुकान होते. या तळ्यावर पहिले पेट्रोलचे इंजिन त्याने आणले, तेव्हापासून त्याला हे नाव पडले. नायट्रोवाले पेट्रोलच्या बोटींना गिरणी म्हणत आणि पेट्रोलवाले नायट्रोच्या बोटींना डास. पूर्वी दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या.

"तुझी गिरणी दळते तेवढं पीठ आधी घरी ने," सासरे म्हणाले. "कानामागून आली आणि तिखट झाली."

"तिखट तर झालीच. पुढच्या हंगामापासून सगळं तळंच तिचं." एवढे बोलून झाल्यावर पंपशेठला आपले बोलणे थोडे जास्त झाल्यासारखे वाटले असावे. त्याने खुर्ची पुढे ओढली. "क्लबच्या सेक्रेटरींनी कळवलं असेल ना तुम्हाला?"

"कळवलं. पुढचा रविवार नायट्रोचा शेवटचा."

"पाचच बोटी राहिल्या हो. वेगळी शर्यत कशी ठेवणार? इंधनाचे डबेसुद्धा मिळत नाहीत धड."

"मी कुठं काही म्हणतोय?"

सासऱ्यांनी बोट घोडीवर घेतली आणि इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले.

जावई इंधनाची नळी सोडवण्यात गुंतला होता. त्याने वर पाहिले नाही.

"म्हातारं झालं," सासरे म्हणाले, आणि तेलाची बाटली शोधू लागले.

*

हंगामाच्या सुरुवातीला त्यांचे सर्वांत चांगले इंजिन भर शर्यतीत अडकले होते. घरी आणून खोलल्यावर पिस्टनच्या अंगावर नखांनी ओरबाडल्यासारख्या उभ्या रेषा दिसल्या. सासऱ्यांनी डबा उन्हात धरून पाहिला, इंधन बोटांवर चोळले, हुंगले आणि भेसळ असल्याचा निकाल दिला. मग बसड्रायव्हरचे इंजिन गेले. त्याची सुई त्याच सकाळी सासऱ्यांनी लावून दिली होती आणि रेषा तशाच होत्या. बसड्रायव्हर मनाने मऊ माणूस, तो म्हणाला, "जुनंच होतं डॉक्टर, आज ना उद्या जाणारच होतं." पण त्यानंतर टेबलापुढची रांग आटत गेली. कुणी तोंडावर काही बोलले नाही. "सध्या बरं चाललंय, काही दुखलं-खुपलं तर येतोच," असे म्हणत लोक लांबूनच हात करू लागले.

"एकदम सगळेच निरोगी झाले की," सासरे एकदा म्हणाले होते आणि रिकाम्या टेबलावरून फडके फिरवले होते.

जावयाला कारण कळले ते एका रविवारी, घोडीवरची बोट धरलेली असताना. आवाज इतका उंच चढला होता की त्याच्या दाढा शिवशिवल्या, आणि सासरे मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून, आणखी वर चढण्याची वाट पाहत होते. सुराच्या ज्या उंच पायरीवर निर्णय घ्यायचा, ती पायरीच त्यांच्या कानांसाठी नाहीशी झाली होती. जिना तिथपर्यंत येऊन संपत होता आणि ते हवेत पाऊल टाकत होते.

तो स्वतः वजनकाटे तपासण्याचे काम करी. दुकाने, गोदामे, दवाखाने यांतून फिरून काटा किती खोटे बोलतो ते पाहायचे, तो खरा करायचा, आणि नंतर कुणी हात लावू नये म्हणून तारेला शिशाचा शिक्का मारायचा. त्या कामात बोलावे लागत नसे, म्हणून ते त्याला मानवले होते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे सासऱ्यांसमोर बसले की खोलीत घड्याळाची टिकटिकच तेवढी ऐकू येई. मग एका रविवारी ते म्हणाले, बोट धरायला माणूस हवा आहे. तेव्हापासून दोघांमध्ये एक यंत्र आले, आणि यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहून माणसांना फारसे बोलावे लागत नाही. ती जागा त्याला फार प्रिय होती. आता त्याच जागी उभे राहून, शिक्के मारणाऱ्या हाताने, तो एका माणसाचे माप चोरून बदलत होता.

"बाबांना सांगितलंस?" बायकोने विचारले. ती धुतलेल्या चादरीची दोन टोके त्याच्या हातात देत होती.

"नाही."

"अरे, असं किती दिवस गुपचूप सुई उघडत बसणार आहेस?"

"मग काय करू? नाही उघडलं तर हेही इंजिन जाईल."

"म्हणून म्हणते, सांग. मी कानांचा विषय काढला तर आठवडाभर अबोला धरला माझ्याशी. तुझं ऐकतील."

"ऐकू आलं तर."

ती हसली, आणि मग तिने चादर जरा जास्तच जोराने ताणली. "परवा मी दाराशी उभी राहून बेल वाजवून वाजवून थकले. आणि खालच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं, तर मला विचारतात, काय गं, भूकंप झाला का." ती चादरीच्या घड्या घालत जवळ आली आणि टोके त्याच्या हातांतून काढून घेतली. "तू सांगितलं नाहीस ना, तर त्यांना वाटत राहील की दोष त्यांच्या हाताचा आहे."

हे त्याच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते वजनाने वाढले.

*

गुरुवारी कामावरून परतताना तो सासऱ्यांकडे गेला. गॅरेजचे दार अर्धे उघडे होते. सासरे इंजिन फडक्यावर ठेवून त्यात थेंब थेंब तेल सोडत होते. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. चालवल्यानंतर इंजिन रिकामे करून तेल घातले नाही तर आतून गंज चढतो. रविवारी एकदा घातले असूनही ते आठवड्यात पुन्हा घालत.

"बाबा," तो म्हणाला, "पेट्रोलचं एखादं बघायचं का आपण?"

"पंपशेठने पाठवलं वाटतं तुम्हाला."

"नाही, माझ्याच मनात आलं." इथपर्यंतचे वाक्य त्याने वाटेत जुळवून आणले होते. "नायट्रोचे डबे मिळत नाहीत. पेट्रोल कोपऱ्यावर मिळतं. दोरी ओढली की सुरू होतं. एकदा स्क्रू लावला की हंगामभर बघायला नको."

"बघायला नको," सासरे म्हणाले. त्यांनी तेलाच्या बाटलीचे टोपण लावले, घट्ट केले, आणि पुन्हा सैल केले. "मग तिथे जाऊन मी काय करू? रिमोट काय, कुणीही धरतं. खुर्ची टाकून बसू पंपशेठच्या शेजारी? तो टायरचे भाव सांगेल, मी गुडघ्यांचं सांगेन."

"तसं नाही."

"तसंच आहे. या बेट्याला," त्यांनी इंजिनाला बोट लावले, "रोज नव्याने समजावं लागतं. हवा दमट असली की याचं बिनसतं, ऊन वाढलं की बिनसतं. लहान पोरासारखं आहे, पोटात दुखतं की कान दुखतो ते आपण ओळखायचं. ते ओळखता येत होतं, म्हणून मी जात होतो." त्यांनी बोट मागे घेतले. "आता नाही येत. सुई लावतो, बरोबर लावली असं वाटतं, आणि बोट म्हशीसारखी पळते. हात गेला माझा. रविवार झाला की सगळं काढून टाकतो. बसड्रायव्हरला हवं असलं तर नेईल, नाहीतर भंगार."

जावई फडक्यावरच्या सुईकडे पाहत होता. तिच्या टोकाला तेलाचा एक थेंब लोंबत होता आणि पडत नव्हता.

"हात नाही गेला, बाबा."

सासऱ्यांनी मान वर केली. "मग?"

गॅरेजमध्ये एवढी शांतता होती की बाहेर कुणाच्यातरी सायकलची साखळी फिरलेली त्याला ऐकू आली. सासरे त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आणि घाई करत नव्हते.

"इंजिन जुनं झालंय," तो म्हणाला.

"हं," सासरे म्हणाले, आणि पुन्हा बाटली उचलली.

*

रविवारी दोघे गाडीने तळ्याकडे निघाले. बोट मागच्या सीटवर पट्ट्याने बांधली होती. जावयाने मनाशी एक ठरवले होते: यापुढे सुईला चोरून हात लावायचा नाही. एक तर उतरणीवर पाय ठेवण्यापूर्वी सांगायचे, नाहीतर त्यांनी लावली तशीच बोट सोडायची, मग जळली तर जळली. दोन्हींपैकी कशाची भीती अधिक वाटते ते त्याला ठरवता येत नव्हते.

तळ्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. शेवटचे काही पाहायला मिळणार असले की लोक जमतात. पाण्यावर चार नारिंगी गोळे तरंगत होते. त्यांच्या बाहेरून सहा फेऱ्या मारायच्या. बसड्रायव्हर नवे इंजिन बसवून आला होता. त्याने सासऱ्यांना पाहून हात केला, जरा घुटमळला, आणि आपल्या टेबलाकडे वळला.

सासऱ्यांनी प्लगला बॅटरी लावली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. त्यांनी सुईवर बोटे ठेवली. सुई उलट फिरू लागली. बाहेर. एक दात, दोन, पाच, मग त्याने मोजणे सोडले. इंजिन घरघरायला लागले, नळीतून तेलाचे शिंतोडे उडाले, दाट धूर टेबलावर पसरला. पंपशेठने खोकल्याचे मोठे नाटक केले. आता त्यांना आत आणि बाहेरही कळेनासे झाले, असे जावयाच्या मनात आले.

"चला," सासरे म्हणाले. बॅटरी खिशात टाकून, रिमोट गळ्यात अडकवून ते मचाणाकडे गेले नाहीत. ते त्याच्या बरोबरीने उतरणीवरून चालू लागले.

"बाबा, तुम्ही वर जा. आता सुरू होईल."

"होऊ दे."

पाण्याच्या कडेला दोघे थांबले. बोट त्याच्या हातांत घरघरत होती, एखाद्या पडसे झालेल्या जनावरासारखी.

"तुझं जे काय असतं, ते करून घे आधी," सासरे म्हणाले.

त्याचे कान तापले. "माझं काय?"

"गेले इतके रविवार बोटीच्या मागे धुराचं शेपूट दिसतंय मला. मी ठेवलेल्या सुईला शेपूट येत नाही. आणि बोट पाण्याबाहेर काढली की इंजिनाचं डोकं गार." ते पाण्याकडे पाहत बोलत होते. "म्हातारं झालेलं इंजिन तापतं रे. गार पडत नाही."

"मी सांगणारच होतो, बाबा. गुरुवारी—"

"तू सांगणार होतास? आमच्याकडे चहात साखर जास्त पडते, हे सांगायला तुला दोन वर्षं लागली." त्यांनी गळ्यातला रिमोट सरळ केला. "गुरुवारी मीही विचारायचं म्हणून थांबलो होतो. पण ऐकायची तयारी नव्हती माझी. तू नाही बोललास, ते बरं केलंस."

वरून सेक्रेटरींनी शिट्टी वाजवली. सासऱ्यांनी तिकडे पाहिले नाही. जावयाने मान वळवली, तेव्हा त्यांनीही वळवली.

"हे बघ, आज भरपूर उघडून ठेवली आहे. आत किती घ्यायची, ते तू ठरव. नळी चिमटीत धरून बघ. शिकवलंय तुला."

त्याने बोट गुडघ्यावर तोलली. रिमोटवरचा थ्रॉटल सासऱ्यांच्या हातात होता. त्यांनी तो हळूहळू वाढवला. त्याने सुई आत घेतली. घरघर सुटी झाली, तिच्यातून एक स्वर वर निघाला, अडखळला, आणि उभा राहिला. त्याने इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबली. आवाज उसळून वर गेला. म्हणजे अजून जागा होती. आणखी दोन दात. पुन्हा चिमटी. आणखी एक. आवाज आता पातळ होता पण तुटका नव्हता, पहाटे दुरून ऐकू येणाऱ्या करवतीसारखा स्वच्छ. त्याच्या कडेला मात्र कोरडेपणाची पहिली चाहूल होती. त्याने एक दात मागे घेतला. मान वर केली, तेव्हा सासरे इंजिनाकडे पाहत नव्हते. ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि किती वेळापासून पाहत होते कोण जाणे.

"झालं?"

"झालं."

"मग सोड."

बोट पाण्याला लागली आणि निसटली. सासरे वयाच्या मानाने भराभर पायऱ्या चढले. तो त्यांच्या मागोमाग मचाणावर गेला आणि डाव्या बाजूला उभा राहिला. बोटी रांगेत आल्या, सेक्रेटरींचे निशाण खाली आले, आणि खाणीच्या उभ्या काठांवरून तो चिरका कल्लोळ परत परत आदळू लागला.

पहिल्या वळणावर त्यांची बोट तिसरी होती. समोरच्या काठाला, जिथे ती हाताएवढी दिसत होती, तिथे सासऱ्यांनी डोळे बारीक केले.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारले. नजर पाण्यावरून हलली नव्हती.

त्याने कान टवकारले. असे कुणाला काही वर्णन करून सांगण्याची त्याला सवय नव्हती.

"बरं आहे," तो म्हणाला.

"बरं म्हणजे काय? तापाची गोळी घेतल्यावर बरं असतं. नीट सांग."

"वर चढतंय. पण ओढ नाही त्याला. मोकळं आहे." त्याने ओठ ओले केले. "आता वळतंय... वळताना जरा खाली आलं. पाणी कापताना येतं तसं. आता परत वर गेलं. आधीपेक्षा वर."

"तुटतंय?"

"नाही. अखंड आहे. दोऱ्यासारखं."

"पूर्ण देऊ?"

"द्या."

सासऱ्यांनी थ्रॉटल पूर्ण दिला. तो सांगत राहिला. आवाज तापलेला आहे पण रागावलेला नाही, असे काहीतरी तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचेच शब्द ऐकून नवल वाटले. खालून पंपशेठ मान वर करून पाहत होता की हा मुखदुर्बळ जावई एवढे काय बडबडतो आहे. दुसऱ्या क्रमांकाची बोट मागे पडली. शेवटच्या वळणावर बसड्रायव्हरची बोट त्यांच्या एकच हात पुढे होती, आणि तेवढीच पुढे राहिली.

"दुसरी," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला," सासरे म्हणाले.

बोट बाहेर काढल्यावर त्यांनी इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवला, पटकन उचलला, आणि पँटला पुसला. बसड्रायव्हर टेबलापाशी येऊन दोन्ही हातांत त्यांचा हात धरून काही बोलला. ते त्यांना ऐकू आले की नाही, कळले नाही, पण ते बराच वेळ मान हलवत राहिले. जावयाने टाकी रिकामी केली. सासरे बाटली घेऊन इंजिनात तेल सोडायला बसले. बोटीच्या खोक्याच्या झाकणावर, घरून लिहून आणलेली विकायच्या सामानाची चिठ्ठी चिकटवायची राहिली होती. ती खिशातून काढायचे त्यांना सुचले नाही, किंवा त्यांनी काढली नाही.

त्यांच्या पाठीमागे पंपशेठने दोरी ओढली. पेट्रोलचे इंजिन दोनदा धडधडून बंद पडले, तिसऱ्यांदा चालू झाले. पंपशेठने थ्रॉटल दिला, सोडला, पुन्हा दिला. जमिनीतून टेबलाच्या पायांत आणि तिथून फळीवर ठेवलेल्या कोपरांत चढणारा तो जाड, रटाळ आवाज जावयाला नेहमी एकसारखाच वाटत आला होता.

सासऱ्यांच्या हातातली बाटली थांबली.

"दम खातंय," ते म्हणाले.

"कोण?"

"त्याची गिरणी. थ्रॉटल दिला की आधी घुटमळते, मग उचलते. कमी वेगाचा, खालचा स्क्रू भुकेला आहे, इंधन कमी सोडतोय. आता देईल बघ तो... हं. ऐकलंस?"

त्याने ऐकले. काही कळले नाही. पंपशेठने पुन्हा थ्रॉटल दिला, आणि या वेळी, सासऱ्यांच्या मानेच्या किंचित हालचालीबरोबर, त्याला ते सापडले: त्या धडधडीच्या अगदी मुळाशी, पाऊल चुकल्यासारखी एक बारीकशी फट. एवढ्या वर्षांत ती त्याने कधी ऐकली नव्हती. सासरे पाठमोरे बसून ती ऐकत होते.

इंजिन फडफडून बंद पडले. पंपशेठ स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा दोरीला हात घातला.

"सांगू त्याला?" जावयाने विचारले.

सासऱ्यांनी टोपण लावून बाटली खोक्यात ठेवली. हात पुसले. मग हत्यारांच्या डब्यातून सर्वांत लहान स्क्रूड्रायव्हर शोधून काढला आणि त्याचे टोक फडक्याने सावकाश पुसू लागले.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून दोन-चारदा दोरी ओढू दे त्याला."